उजवीकडे वळलेली गाठ

ज्या बाईचं तोंड आपण कधी पाहिलं नाही तिनं आपल्याला मिठाई पाठवू नये. पाठवलीच, तर सोबतच्या चिठ्ठीत ‘तुमचीच’ म्हणून सही तरी करू नये. बार्सिलोनाची रोसेर हे दोन्ही करायची, आणि एकदा नाही, सलग चार वर्षं. नाताळच्या आठ दिवस आधी पोस्टमन मासेमारांच्या त्या गावात बंदराच्या धक्क्यावरच्या खोपीत यायचा आणि जाळी दुरुस्त करत बसलेल्या साऱ्या बायकांच्या देखत ओब्दूलियाच्या मांडीवर डबा ठेवायचा. मधात घोटलेल्या बदामाच्या वड्या, वर सोनेरी कागद, त्यावर निळी फीत. चिठ्ठी शेजारी जाळं घेऊन बसणारी दोसिन्दा वाचून दाखवायची. ओब्दूलियाला आकडे सगळे कळत, छापील अक्षर अडखळत लागे, आणि हातानं लिहिलेलं म्हणजे नुसत्या मुंग्या.

“‘ओब्दूलियाबाईंना, मनापासून. तुमचीच, रोसेर,’” दोसिन्दा वाचायची आणि चष्म्यावरून बघायची. “बाई गं, तुझीच म्हणतेय. एलादिओनं तरी लिहिलं होतं का कधी असं?”

“त्याला लिहिता येतं कुठं? डबा तू घेऊन जा.”

“दर वर्षी मीच नेते. तुझ्या रागापायी माझ्या दोन दाढा गेल्या.”

खोपीतल्या बायका हसायच्या. ओब्दूलिया हसायची नाही. तिच्या लेखी ती मिठाई नव्हतीच, ते भाडं होतं. दुसऱ्याची मुलगी वापरल्याचं भाडं.

मुलगी एकच, सबेला. टेनिस खेळून पोट भरणारी. वर्षातले दहा महिने तिचं घर म्हणजे एक बॅग, आणि उरलेल्या दोन महिन्यांतला बराचसा वेळ बार्सिलोनात, जिथं ती सराव करायची. सरावाच्या क्लबासमोर रोसेरचं छोटं दुकान. रॅकेटच्या तारा तुटल्या, सैल पडल्या की ही बाई त्या बदलून द्यायची. विधवा, मूलबाळ नाही. एवढंच असतं तर ओब्दूलियानं तिच्या नावानं देवळात मेणबत्ती लावली असती. पण दर रविवारी सबेलाचा फोन यायचा आणि त्यात रोसेर असायचीच. रोसेर म्हणते थंडीत दंडाला लोकर बांधावी. गुरुवारी रोसेरकडे भात होता. रोसेरला विचारते, मग ठरवते. एका रविवारी ओब्दूलियानं बोटांवर मोजलं: रोसेरचं नाव अकरा वेळा, बापाचं दोनदा, आणि आईचं एकदाही नाही.

“अगं, फोनवर तूच होतीस,” तिचा नवरा एलादिओ म्हणाला. “तुझं नाव ती तुलाच कशाला सांगेल?”

आयुष्यभर उत्तरेच्या समुद्रात मासेमारीच्या जहाजावर राबून नुकत्याच घरी बसलेल्या माणसाला गप्प कधी बसावं हे कळायला वेळ लागतो. त्या दिवशी त्यानं ब्रेड आणि कांदा खाल्ला.

टेनिस त्या घरात आलं ते जाळ्याच्या वाटेनं. गावाबाहेर मासळी डबाबंद करण्याच्या कारखान्याच्या मालकाचा उन्हाळी बंगला होता, त्यामागं टेनिसचं मैदान. एका हिवाळी वादळानं तिथलं मधलं जाळं फाडून चिंचेच्या पाल्यासारखं केलं. ओब्दूलियानं तीन दिवसांत नवं विणून दिलं आणि मोबदल्यात मागितलं ते असं: बंगला बंद असेल तेव्हा माझ्या पोरीला त्या भिंतीवर चेंडू मारू द्या. पोर सात वर्षांची होती, आणि घरात तिनं दोन काचा आधीच फोडल्या होत्या. उन्हाळ्यात येणाऱ्या पाहुण्यांनी हसत हसत तिला चार फटके शिकवले. पाचव्या उन्हाळ्यात तेच पाहुणे तिच्याशी खेळायचं टाळू लागले, कारण हरायचे.

पहिल्यांदा तार तुटली तेव्हा ती बदलून देणारा माणूस बसनं दोन तासांवर होता. ओब्दूलियानं रॅकेट उलटसुलट करून पाहिली. “हे तर चौकटीत कोंडलेलं जाळं,” म्हणाली. उलट्या क्रमानं एकेक तार उसवली, वाट लक्षात ठेवली, आणि मासेमारीच्या नायलॉननं पुन्हा विणून दिली. सबेलानं मारून पाहिलं आणि म्हणाली, “आई, दुकानातल्यापेक्षा ही बरी.” हे वाक्य ओब्दूलियानं इतकी वर्षं जपलं. पुढं शहरातल्या एका क्लबानं टाकून दिलेलं तारा ताणायचं, वजनाच्या दांड्याचं मशीन तिनं खोपीच्या कोपऱ्यात आणून बसवलं. एका बाजूला समुद्राची जाळी, एका बाजूला पोरीची.

त्या विणीत एक खूण होती. ओब्दूलिया डावखुरी. शाळेत दोन हिवाळे गेली, दोन्ही हिवाळे मास्तरणीनं तिचा डावा हात खुर्चीच्या पाठीला बांधून ठेवला. तिसऱ्या हिवाळ्यात ती गेलीच नाही. धक्क्यावर मात्र तिला कुणी बांधलं नाही. साऱ्या बायकांच्या गाठी उजवीकडे वळायच्या, हिची एकटीची डावीकडे. समुद्रातून फाटून आलेल्या जाळ्याचा हातभर तुकडा दिला तरी कुठला भाग कुणाच्या हातचा हे तिथली कुठलीही बाई सांगायची, आणि ओब्दूलियाचा भाग तर आंधळीनंही सांगितला असता.

सबेला सतराव्या वर्षी बार्सिलोनाला गेली. आधी लहान लहान स्पर्धा, जिथं पंच जांभया देतात आणि चेंडू खेळाडूच गोळा करतात. मग मोठ्या स्पर्धांच्या पात्रता फेऱ्या. बाविसाव्या वर्षी जगात एकसष्टावी, पॅरिसला तिसरी फेरी. जाईल तिथं तारा बदलणारी माणसं असतात हे ओब्दूलियाला ठाऊक होतं, तुटलं की कुणीतरी सांधणारच. पण दर हंगामाच्या पहिल्या सहा रॅकेटी घरच्या. हा नेम होता. सहा रॅकेटी बसनं यायच्या, सोबत नव्या तारांचं रीळ आणि किती किलो ताण द्यायचा त्याची चिठ्ठी. विणून बसनंच परत जायच्या. जिल्ह्याच्या वर्तमानपत्रानं ‘आईच्या हातचं जाळं’ म्हणून दोघींचा फोटो छापला होता. तो खोपीत टांगलेला होता, दोसिन्दाच्या बरोब्बर डोळ्यांसमोर. रोसेर काय करते? मधली डागडुजी. धुण्याला पाणी सगळेच घालतात, कापड कुणाचं ते विचारा.

चोविसाव्या वर्षी सबेलाचा हात दुखावला. हॉटेलच्या न्हाणीघरात घसरले, असं ती फोनवर म्हणाली. सात महिने खेळली नाही. ओब्दूलियानं मेणबत्त्या लावल्या, हाडांचा रस्सा करायला घरी ये म्हणाली. पोर आली नाही, डॉक्टर बार्सिलोनात आहेत म्हणाली. पुन्हा उभी राहिली ती मात्र अशी, की बघताबघता अडतिसावी झाली. धक्क्यावर कुणी विचारलं तर ओब्दूलिया एवढंच सांगायची, “जाळं पक्कं असलं की मासा जातो कुठं?”

त्या दुखण्यानंतर एक बदल झाला होता. पूर्वी रॅकेटी जुन्या तारांसकट यायच्या. आता सबेला तारा आधीच कापून टाकायची. “तुझं तेवढंच काम वाचतं, आई.” ओब्दूलियाला यात पोरीची माया दिसली होती.

यंदा लंडनला पहिल्याच फेरीत हरून सबेलानं फोन केला. कार्मेनच्या माउलीच्या सणाला घरी येते म्हणाली. सण सोळा जुलैचा. माउलीची मूर्ती बोटीवर चढवून समुद्रात मिरवतात, आणि ज्याच्या घरातलं कुणी पाण्यावर जातं तो माणूस त्या दिवशी गावाबाहेर राहत नाही.

“एकटी नाही येत. रोसेरला आणते आहे.”

ओब्दूलियानं फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडे पाहिलं.

“कशाला? तिच्या घरचं कोण समुद्रात आहे?”

“आई, तिनं मिरवणूक कधी पाहिली नाही.”

“मीही बार्सिलोना पाहिलेलं नाही. मला कुणी बोलावलं?”

“दहा वर्षं बोलावतेय. तू म्हणतेस, जाळी कोण बघेल.”

आता हे खरं होतं, पण खरं बोलायची ही वेळ नव्हती.

सबेला लंडनहून थेट आली, आणि रोसेर बार्सिलोनाहून, सणाच्या आदल्या दिवशी दुपारी. ओब्दूलियाच्या मनात उंच, दागिन्यांची, लाल नखांची बाई होती. उतरली ती ठेंगणी, गळ्यात दोरीनं चष्मा अडकवलेली, आणि अंगठ्याच्या पेरावर ओब्दूलियासारखाच पिवळा घट्टा. तो घट्टा पाहून ओब्दूलियाला लाल नखांपेक्षा जास्त राग आला. तिनं पाहुणीला घरातली सगळ्यात चांगली खुर्ची दिली, म्हणजे चुलीपासून सगळ्यात लांबची.

“एम्पानाडा फार सुरेख झालीय,” रोसेर म्हणाली. शिंपल्यांचं सारण भरून भट्टीत भाजलेला तो मोठा चौकोन ओब्दूलियानं पहाटेपासून खपून केला होता. “कडा किती पातळ.”

“तुमच्याकडे भात चांगला होतो म्हणे. दर गुरुवारी.”

“सबेलाला आवडतो.”

“तिला काय, सगळंच आवडतं. लहानपणी साबण खायची.”

एलादिओला ठसका लागला. सबेला ताटात बघत राहिली. सत्तावीस वर्षांची, खांद्यानं दरवाजा भरून टाकणारी पोर, आणि आईच्या टेबलावर अजून कोपरं आवरून बसायची. मध्येच रोसेरनं तिच्याकडे पाहून भुवई किंचित उचलली. सबेलानं मान हलवली, आत्ता नाही, अशी. ओब्दूलियानं ते पाहिलं. दोन माणसांत न बोलता बोलणं व्हायला किती वर्षं लागतात, हे नवरा समुद्रावर असलेल्या बाईला चांगलं ठाऊक असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर सणाच्या कपड्यांत शिरत होतं तेवढ्यात ओब्दूलियानं सबेलाची बॅग उचलली आणि खोपीत नेली. ऑगस्टात अमेरिकेचा हंगाम, पहिल्या सहा विणायच्या होत्या. पाहुणी घरात असताना विणल्या तर पाहुणीलाही दिसेल कोण कोण आहे, हाही एक हिशेब होताच. बॅग उघडली. लंडनहून पोर थेट निघालेली, तारा कापलेल्या नव्हत्या. सहाच्या सहा जशाच्या तशा.

तिनं पहिली रॅकेट मांडीवर घेतली आणि सवयीनं अंगठा दाबला. अंगठा आत गेला.

ती थबकली. नखानं तार छेडली. तिच्या हातची तार वाऱ्यातल्या दोरासारखी बारीक वाजते. ही घशातून वाजली. वापरून सैल पडली असेल, म्हणून तिनं रॅकेट उलटी करून चौकटीच्या कडेची गाठ पाहिली. गाठ तिचीच होती. दोन फेरे, एक वळसा, शेंडी आत खोचलेली. दुसरं कुणी अशी मारत नाही. फक्त ती उजवीकडे वळली होती.

तिनं दुसरी पाहिली. तिसरी पाहिली. सहाही पाहिल्या, दारात उन्हात नेऊन. मग स्टुलावर बसली.

“सणाच्या दिवशी काम?” दोसिन्दा आत डोकावली, नव्या कपड्यांत, केसांना कंगवा खोचलेला. “पाप लागेल.”

“ही गाठ कुणाची?”

दोसिन्दानं चष्मा चढवला. “तुझीच की.”

“नीट बघ.”

दोसिन्दानं नीट पाहिलं, आणि तिच्या तोंडावरचं हसू हळूहळू उतरलं. “उजवीकडे गेलीय,” ती म्हणाली. “ओब्दूलिया, कुणीतरी तुझा हात चोरलाय.”

“आता तोंड मिट. मिरवणूक होईपर्यंत तरी.”

मिरवणुकीत ओब्दूलिया बोटीच्या टोकाशी उभी राहिली. माउली फुलांनी भरलेल्या बोटीवर पुढं चालली होती, भोंगे वाजत होते, बायका समुद्रात बुडालेल्यांची नावं मनात घेऊन पाण्यात फुलं टाकत होत्या. ओब्दूलियानंही टाकली, पण तिचं लक्ष मागं होतं. बोट हलली तसं सबेलानं न बघता रोसेरचा दंड धरला, आणि रोसेरनं तिच्या हातावर हात ठेवला. म्हातारीला आधार देताना तरणा माणूस धरतो तसं ते नव्हतं. लहानपणी वादळात सबेला जसं धरायची तसं होतं. आपल्याला तिनं असं शेवटचं कधी धरलं, ते ओब्दूलियाला आठवेना. तिनं माउलीकडे काही मागितलं नाही. आधी हिशोब, मग मागणं.

मूर्ती देवळात परतली, लोक ऑक्टोपस आणि वाइनकडे पांगले. ओब्दूलिया रोसेरसमोर जाऊन उभी राहिली.

“चला, तुम्हाला आमचं काम दाखवते.”

सबेलाचा चेहरा पांढरा पडला. तीही मागोमाग आली. दोसिन्दाला कुणी बोलावलं नव्हतं. ती खोपीच्या दाराबाहेर बुटाची नाडी बांधत बसली. तिच्या बुटाला नाडी नव्हती.

खोपीत सहा रॅकेटी ओळीनं मांडलेल्या होत्या. ओब्दूलियानं रोसेरच्या हातात तारेचा एक तुकडा दिला. “गाठ मारा. माझी.”

रोसेरनं एकदा सबेलाकडे पाहिलं, मग चष्मा डोळ्यांवर घेतला आणि गाठ मारली. दोन फेरे, एक वळसा, शेंडी आत. हात जराही अडखळला नाही. ओब्दूलियानं ती उजेडात धरली.

“कुणी शिकवली?”

“तुम्हीच. सबेलाच्या रॅकेटीतून तुमच्या कापून काढलेल्या गाठी मी डबीत ठेवल्या होत्या. त्या सोडवून सोडवून पाहिल्या. तीन आठवडे लागले.” रोसेर हळू बोलत होती, पण नजर खाली घालत नव्हती. “तीस वर्षं हे काम करतेय, बाई. इतकी बंद बसणारी गाठ मी पाहिली नव्हती.”

कौतुक खरं होतं, आणि म्हणूनच ते ओब्दूलियाला जास्त झोंबलं.

“तीन आठवड्यांत शिकलात, पण कुठल्या हातानं मारते ते विचारलं नाहीत.”

“आई,” सबेला म्हणाली, “मी सांगते. तिला काही बोलू नकोस. ती तीन वर्षं मला म्हणतेय, आईला सांग. या वेळी म्हणाली, तू सांगणार नसशील तर मी येते आणि मी सांगते. म्हणून आलीय. मिरवणूक बघायला नाही.”

“मग सांग.”

“मी न्हाणीघरात घसरले नव्हते.”

ओब्दूलियानं हातातली गाठ रॅकेटींशेजारी ठेवली.

“नव्या तारा आल्या तेव्हा मी चिठ्ठीत तेवीस लिहिलं होतं. तुझ्या रॅकेटी सव्वीस निघाल्या. रोसेरनं मोजल्या. नायलॉन असताना चालून गेलं, आई, ते दमतं, सैल पडतं. या तारा कडक. प्रत्येक फटका कोपरात यायचा. मग मी बावीस लिहिलं. मग एकवीस.”

“आणि एकवीसवाल्या किती निघाल्या?” ओब्दूलियानं विचारलं. उत्तर तिला माहीत होतं.

“सव्वीस,” रोसेर म्हणाली.

धक्क्यावरची कुठलीही बाई नवा धागा दोन-तीन किलो जास्तच ओढते, कारण पहिल्या पाण्यात तो सैल पडणार हे तिच्या आईनं तिला आणि आईच्या आईनं आईला सांगितलेलं असतं. तेवीसची सव्वीस तिथं झाली. हे ओब्दूलियानं कुणाला सांगितलं नव्हतं, कारण स्वयंपाकात मीठ किती घातलं हे कुणी सांगत नाही. पण एकवीसची सव्वीस धाग्यामुळं झाली नव्हती. तो आकडा पाहून ती याच स्टुलावर बसून काय म्हणाली होती, ते तिला शब्दन् शब्द आठवत होतं: ‘हे पोरीचं डोकं नाही. हे त्या बयेनं भरवलंय. माझ्या पोरीचं जाळं कसं असावं हे आता ती मला शिकवणार.’ आणि दांड्यावर आणखी एक वजन चढवलं होतं. दोसिन्दा त्या वेळी समोर बसली होती. दोसिन्दा आत्ता दाराबाहेर नाडी बांधत होती.

सात महिने. त्या सात महिन्यांत रोज मेणबत्ती लावली, आणि माउलीनं काय म्हटलं असेल कोण जाणे.

“मला का नाही सांगितलंस?” तिनं पोरीला विचारलं. आवाज तिला हवा होता तेवढा कडक निघाला नाही.

“तू पुन्हा सुईला हात लावला नसतास. तुला मी ओळखत नाही का? म्हणून रोसेरला म्हटलं, आईच्या तारा काप, तुझ्या घाल, पण गाठ आईसारखी मार. चुकून कधी तू पाहिलीस तर—” सबेलानं रोसेरकडे पाहिलं. “ती नको म्हणत होती. मी तिच्या दुकानात बसून रडले, तेव्हा तयार झाली.”

तारा गेल्या, ताण गेला, वर्तमानपत्रातला फोटो खोटा पडला, हे सगळं ओब्दूलियानं उभ्या उभ्या सोसलं होतं. पण पोर रडली ती त्या दुकानात, हे मात्र तिला उभ्यानं सोसेना. ती स्टुलावर बसली. हरली तेव्हा, हात दुखला तेव्हा, सात महिने खोलीत पडून होती तेव्हा, या पोरीच्या डोळ्यांतलं पाणी जात कुठं होतं, हे तिनं कधी विचारलंच नव्हतं. घरी फोनवर ती नेहमी हसतच असायची. दर रविवारी आपल्याला हसू मिळालं, गुरुवारी भाताबरोबर रडू त्या बाईला. आणि चांगला वाटा कुणाला गेला, हे आई झालेल्या बाईला सांगावं लागत नाही.

बाहेर बँडवाले खायला बसले होते. एलादिओ दाराशी आला, तिघींकडे आणि ओळीनं मांडलेल्या रॅकेटींकडे पाहिलं.

“तुला ठाऊक होतं?” ओब्दूलियानं विचारलं.

“मी तेव्हा जहाजावर होतो,” एलादिओ म्हणाला आणि आल्या पावली परतला.

ओब्दूलिया उठली. सुरी घेतली आणि पहिल्या रॅकेटीची गाठ अलगद कापली. तारा नाही, फक्त गाठ. मग दुसरीची. सहा गाठी ओंजळीत जमल्या. सैल झालेल्या तारा किंचित सुस्कारल्या. ती रोसेरसमोर जाऊन उभी राहिली आणि गाठी तिच्या तळहातावर ओतल्या, पिवळ्या घट्ट्याशेजारी.

“ऐक, रोसेर,” ती म्हणाली. आदल्या दुपारपासूनचं ‘तुम्ही’ तिनं तिथंच खाली ठेवलं. “पोरीचा हात मी मोडला आणि तू सांधलास. हे मी आज धक्क्यावर माझ्या तोंडानं सांगणार आहे, बाहेर नाडी बांधत बसलीय तिनं सांगायच्या आत. रॅकेटी आजपासून तुझ्या, सगळ्या, पहिल्या सहासुद्धा. पुन्हा विण म्हणून कुणी माझ्या मिनतवाऱ्या करायच्या नाहीत. पण गाठ तुझी मार. ताण तुझा, राबणं तुझं आणि नाव माझं, हे असलं दान मला नको. मी काही मेले नाही, माझी गाठ कुणी आठवण म्हणून मारायला. आणि ही पुन्हा तुझ्या दुकानात रडायला आली तर रडू दे, भात घाल, आणि मग फोन हातात देऊन सांग, आता हेच सगळं आईपाशी रड, पहिल्यापासून. तेवढं केलंस तर नाताळला मिठाई पाठव. त्यातली एक वडी मी खाईन. बाकीची दोसिन्दाची.”